ओळखीचे गिऱ्हाईक, कायद्याचा ग्राहक

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात राहणाऱ्याला बाजारहाटासाठी फार लांब जावे लागत नाही. सदर बाजार, गोल बाजार, मालवीय रोड ही सारी जुन्या शहरातली ठिकाणे. त्यामुळे इथल्या जुन्या कुटुंबांची दुकाने ठरलेली असतात. सोनार ठरलेला, कापडवाला ठरलेला; गेल्या वीस वर्षांत त्यात मोबाइलवाल्याची भर पडली. आमच्या घरात पहिला साधा फोन ज्या दुकानातून आला, त्याच दुकानातून पुढचे सगळे फोन आले. मुलांचे आले, सुनेचा आला, शेजाऱ्यांनाही मीच तिथे पाठवले. गेल्या पावसाळ्यात मी तिथूनच स्वतःसाठी ११,९९९ रुपयांचा नवा स्मार्टफोन घेतला.

चौथ्या दिवशी त्याच्या पडद्याला वेड लागले. बोट न लावता अक्षरे उमटू लागली, नको त्याला फोन लागू लागले आणि आलेला फोन उचलावा म्हटले तर पडदा ढिम्म हलेना. दुकानातल्या मुलाने सर्व्हिस सेंटरचा पत्ता हातात दिला. तिथे टोकन घेऊन दोन तास बसलो. सॉफ्टवेअर अपडेट करून फोन परत मिळाला. घरी पोहोचेपर्यंत तो पुन्हा तसाच. आठव्या दिवशी पुन्हा टोकन, पुन्हा अपडेट. नवव्या दिवशी मी पुन्हा दुकानात गेलो, तेव्हा योगायोगाने मालक गल्ल्यावर होते. त्यांनी मला ओळखले. ‘साहेब, तुम्ही कशाला चकरा मारल्यात, मला फोन करायचा होता,’ असे म्हणत त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि वीस मिनिटांत सीलबंद नवा फोन माझ्यापुढे ठेवला. जुन्या गिऱ्हाइकाचा मान राखला गेला, या समाधानात मी उठलो.

त्याच काउंटरवर आमच्या गल्लीच्या टोकाला शिवणकाम करणारी एक बाई उभी होती. फोन तोच, रंगही तोच, बिघाडही तोच. तिने तो माझ्या दोन दिवस आधी घेतला होता. २,९९९ रुपये रोख आणि बाकीचे दरमहा एक हजाराचे नऊ हप्ते. तिला सांगण्यात येत होते की बदलून देण्याची सात दिवसांची मुदत संपली, आता वॉरंटीत दुरुस्तीच होईल, फोन ठेवून जा, पंधरा दिवस लागतील. मी तिला नमस्कार केला आणि बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मला गल्लीत थांबवले. आवाजात राग नव्हता. ‘बाबूजी, तुमचेही सात दिवस होऊन गेले होते ना? मग तुमचे वेगळे काय होते?’

तीस वर्षांहून अधिक काळ मी सरकारी सेवेत नियम लिहिले, नियमांचा अर्थ लावला, नियमाला अपवाद करण्याच्या फायली नामंजूर केल्या. तरीही या प्रश्नाला माझ्याकडे खरे असे एकच उत्तर होते आणि ते तिला सांगण्याजोगे नव्हते: दुकानदार मला ओळखत होता.

वाचकांनी दुकानदाराला खलनायक ठरवण्याची घाई करू नये. मी नंतर त्यांच्याशी निवांत बोललो. मोबाइलच्या धंद्यात नव्या फोनचा उपजत बिघाड मान्य होण्याला ‘डीओए’ म्हणतात, म्हणजे ‘डेड ऑन अरायव्हल’, आला तोच मेलेला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने तसे पत्र ठरलेल्या मुदतीत दिले, तरच विक्रेता फोन बदलून देतो आणि कंपनी विक्रेत्याला भरपाई करते. पत्र नसेल तर बदलून दिलेल्या फोनचा भुर्दंड दुकानदाराच्या माथी. माझ्या बाबतीत त्यांनी तो पत्करला होता. ‘तुमच्यासाठी करता येते, साहेब. रोजच्या सगळ्यांसाठी केले तर दुकान बंद करावे लागेल,’ हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मात्र त्यातून एवढे स्पष्ट झाले की मला मिळाली ती सवलत होती. हक्क म्हणून काहीच मिळाले नव्हते.

मी इतिहासाचा विद्यार्थी असल्याने या प्रश्नाचे मूळ शोधण्याचा मोह आवरला नाही. खरेदी केल्यावर पस्तावलेल्या माणसाचे काय करायचे, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. प्राचीन व्यवहारशास्त्रात त्याला ‘क्रयविक्रयानुशय’ असे नाव आहे. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या व्यवहारविषयक तिसऱ्या खंडात या विषयाची चर्चा आहे. मनुस्मृतीने वस्तू परत करण्यास वा परत घेण्यास दहा दिवस दिले. याज्ञवल्क्यस्मृती वस्तूच्या स्वभावाकडे पाहते. बियाण्याची पारख करायला दहा दिवस, लोखंडाला एक, ओझ्याच्या जनावराला पाच, दुभत्या जनावराला तीन आणि रत्नांना सात. लोखंडाचा दोष चटकन दिसतो, बी रुजते की नाही हे कळायला दिवस लागतात, हा साधा व्यवहार त्यामागे आहे. त्याच यादीत दासदासींच्या पारखीचीही मुदत आहे, हेही विसरता कामा नये. आजच्या दुकानदाराचे सात दिवस रत्नांच्या मुदतीशी जुळतात हा निव्वळ योगायोग. पण फोनचा दोष रत्नासारखा पाहता क्षणी दिसणारा असतो, की बियाण्यासारखा रुजल्यावर कळणारा, हा प्रश्न अस्थानी नाही.

कौटिल्याचा मार्ग निराळा होता. अर्थशास्त्रात अनुशयाची मुदत माणसाच्या व्यवसायावर ठरते. व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन, गुराख्यांना पाच. तू कोण आहेस, हे आधी विचारायचे आणि मग किती दिवस ते सांगायचे. आधुनिक कायद्याने हा प्रश्न विचारणे सोडून दिले, हे त्याचे मोठे यश मानले जाते. आमच्या बाजारातल्या काउंटरवर मात्र तो अजूनही विचारला जातो. फक्त व्यवसायाच्या जागी ओळख आली आहे.

इंग्रजी अमलात आलेला कायदा विक्रेत्याकडे झुकलेला होता. खरेदीदाराने डोळे उघडे ठेवून माल घ्यावा, हे त्याचे मूळ सूत्र. १८७२ च्या करार कायद्यातील विक्रीविषयक प्रकरण काढून १९३० मध्ये स्वतंत्र मालविक्री कायदा झाला. त्यात मालाच्या गुणवत्तेच्या काही अटी न लिहिताही गृहीत धरण्यात आल्या. या कायद्यातली एक गंमत सामान्य माणसाला ठाऊक नसते. त्यात विक्रेत्याच्या वचनांचे दोन प्रकार आहेत. ‘कंडिशन’ मोडली तर खरेदीदार माल नाकारू शकतो. ‘वॉरंटी’ मोडली तर फक्त नुकसानभरपाई मागू शकतो. म्हणजे वॉरंटी हे दोहोंतले दुय्यम वचन. ‘घाबरू नका, वॉरंटीत आहे,’ हे वाक्य आपण अभय म्हणून ऐकतो. कायद्याच्या जुन्या परिभाषेत ते आपला हक्क आक्रसून घेणारे असू शकते. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटारीच्या एका खटल्यात हेच दाखवून दिले. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याचीच हमी होती, म्हणून पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश न्यायालयाने टिकू दिला नाही.

हे पारडे सारखे करण्याचे श्रेय केवळ संसदेला नाही. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यातून उभी केलेली ग्राहक पंचायतीची चळवळ आणि १९७५ मध्ये स्थापन झालेली मुंबई ग्राहक पंचायत यांचे काम मराठी वाचकांना परिचित आहे. ज्येष्ठ संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी माणसे त्यात उतरली होती. सभासद कुटुंबांचे गट करून महिन्याचा माल एकत्र खरेदी करायचा, ही कल्पना दिसायला साधी. पण तिच्यात एक जाण होती की एकटे गिऱ्हाईक दुकानदाराच्या मर्जीवर असते आणि संघटित ग्राहक अटी घालू शकतो. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तोच दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला.

या नव्या कायद्यातल्या काही तरतुदी प्रत्येक घरात माहीत असायला हव्यात. सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यासाठी बिलावर छापलेली मुदत धरली जाते आणि बिलावर मुदतच नसेल तर ३० दिवस. शिवणकाम करणाऱ्या बाईचे बिल मी पाहिले. त्यावर सात दिवसांचा कोठेही उल्लेख नव्हता. ती मुदत काउंटरवर तोंडी सांगितली गेली होती. खाली मात्र ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे ठरावीक वाक्य होते. असे वाक्य छापल्याने कायद्याने दिलेला हक्क नाहीसा होत नाही.

जिल्हा ग्राहक आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत व्याजासह परत करण्याचा आणि भरपाईचा आदेश देऊ शकतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते, आणि नव्या कायद्याने ती ग्राहक जिथे राहतो वा काम करतो तिथेही करता येते. कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरी धाव घेण्याची गरज उरली नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. १९१५ या क्रमांकाच्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीसह १७ भाषांत बोलता येते. ही हेल्पलाइन न्यायालय नव्हे, तिला आदेश देता येत नाही. ती तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवते आणि उत्तर मागते.

तक्रारीत विक्रेता आणि उत्पादक दोघांचीही नावे घालावीत, असे जाणकार सांगतात. गोव्यातल्या एका ग्राहकाला २००९ ची वापरलेली मोटार २०११ ची नवी म्हणून विकली गेली होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात उत्पादक कंपनीला जबाबदारीतून मोकळे केले, कारण फसवणूक विक्रेत्याची होती आणि कंपनीला तिची माहिती असल्याचे सिद्ध झाले नव्हते. फोनच्या बाबतीत उलटे घडते. दोष कारखान्यातला आणि ग्राहकापुढे उभा असतो तो दुकानदार. दोघे एकमेकांकडे बोट दाखवू लागले की मध्ये उभा असलेला रिकाम्या हाताने घरी जातो.

कायदा इतका अनुकूल असताना बाई अडली कुठे? ती अडली एका कागदावर. सर्व्हिस सेंटरला ती पहिल्यांदा गेली तेव्हा तिच्या खरेदीला सहा दिवस झाले होते. म्हणजे दुकानदाराच्या तोंडी मुदतीतही ती बसत होती. पण त्या दिवशीच्या जॉबशीटवर पडद्याच्या बिघाडाचा शब्दही नव्हता. ‘सॉफ्टवेअर अपडेट केले’ एवढेच लिहिले होते. तिने काय सांगितले ते नोंदले गेले नाही. कर्मचाऱ्याने काय केले ते नोंदले गेले. मी आयुष्यभर फायली पाहिल्या आहेत. ज्याच्या हाती नोंद करणे असते, त्याच्याच हाती पुढचा निकालही असतो, हे मला कुणी नव्याने सांगायला नको होते. माझ्या स्वतःच्या जॉबशीटवरही तेच वाक्य होते. मला त्याची झळ लागली नाही, कारण माझा निकाल कागदावर झालाच नाही.

झळ म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. माझ्यासाठी फोन म्हणजे नातवंडांचे चेहरे, वर्तमानपत्रे आणि वर्षातून एकदा निवृत्तिवेतनासाठी चेहरा दाखवून भरायचे जीवन प्रमाणपत्र. तिच्यासाठी फोन हे दुकान होते. ब्लाउजच्या गळ्यांचे नमुने त्यात येत, पैसे त्यात येत, गिऱ्हाइकांच्या मापांची पाने फोटो काढून त्यातच ठेवलेली. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि गणवेशांचे काम हाती होते. अपडेटच्या नावाखाली फोन पूर्ण कोरा करण्यात आला आणि मापे गेली. ती पुन्हा घेण्यासाठी ती घरोघर फिरली. काहींनी काम दुसरीकडे दिले. फोन बंद होता, पण हप्ता बंद नव्हता. आणि ११,९९९ रुपयांतले सुमारे १,८३० रुपये वस्तू व सेवा कराचे होते. १८ टक्क्यांचा आपला वाटा शासनाने पहिल्याच दिवशी पूर्ण घेतला होता.

तिच्या खरेदीच्या तेराव्या दिवशी आम्ही कागद करायला बसलो. मी अट घातली की तक्रार तिच्या नावाने, तिच्या शब्दांत जाईल आणि माझ्या पूर्वीच्या पदाचा उल्लेख कुठेही नसेल. ती सांगत गेली, मी हिंदीत लिहीत गेलो. खरेदीची तारीख, बिलाचा क्रमांक, फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक, दोन्ही जॉबशीटच्या तारखा, बिघाडाचे वर्णन, आणि शेवटी मागणी एकच: फोन बदलून द्या किंवा पैसे परत करा. पडदा आपोआप चालतानाची चित्रफीत तिच्या मुलाने दुसऱ्या फोनवर काढली होती; तीच आमचा सर्वांत बळकट पुरावा ठरली. पत्र दुकानाला दिले आणि पोच घेतली, कंपनीच्या तक्रार विभागाला पाठवले, आणि १९१५ वर तिने स्वतः बोलून तक्रार नोंदवली. चोविसाव्या दिवशी तिला नवा फोन मिळाला. आयोगाकडे जावे लागले नाही. बुडालेल्या कामाचे आणि भरलेल्या हप्त्याचे मात्र कुणी नावही काढले नाही. त्यासाठी आयोगात जाता आले असते. ‘आता शिवायला बसू द्या,’ असे म्हणून तिने विषय संपवला.

तिचा निर्णय मला समजतो. कायद्यात तक्रार निकाली काढण्याचा अपेक्षित अवधी तीन महिन्यांचा, आणि प्रयोगशाळेतील तपासणी लागली तर पाच महिन्यांचा आहे. प्रत्यक्षात तारखा त्याहून कितीतरी लांबतात. आयोगांतल्या रिक्त पदांची दखल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली होती. बारा हजारांच्या फोनसाठी रोजची मजुरी बुडवून तारखा करणे परवडणारी माणसे कमी, आणि हे कंपन्यांना ठाऊक असते.

हा प्रश्न एका गल्लीपुरता नाही. २०१४-१५ मध्ये देशातील मोबाइल उत्पादनाचे मूल्य सुमारे १९ हजार कोटी रुपये होते. २०२३-२४ मध्ये ते चार लाख कोटींच्या पुढे गेले. या यशाचा अभिमान वाटावा असेच ते आहे. त्याच काळात शासनाने बँक, शिधा, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन असे एकेक दार फोनच्या आत नेले. ज्या वस्तूवाचून नागरिकाला शासनापर्यंत पोहोचता येत नाही, ती सदोष निघाल्यावर बदलून मिळणे ही दुकानदाराच्या स्वभावावर सोडण्याची गोष्ट नव्हे. उपाय फार खर्चिकही नाहीत. जॉबशीटवर ग्राहकाची तक्रार त्याच्या शब्दांत लिहिणे बंधनकारक करावे आणि मुदत त्या पहिल्या नोंदीपासून मोजावी. बदलून देण्याची मुदत बिलावर ठळक छापावी. उपजत दोषाचा निर्णय दोन दिवसांत द्यावा आणि न दिल्यास तो ग्राहकाच्या बाजूने धरावा. हप्त्यावर घेतलेली वस्तू दुरुस्तीत अडकली असेल तोवर हप्ता थांबावा. शेवटी, विक्रेत्याने बदलून दिलेल्या सदोष वस्तूची भरपाई कंपनीने विनाविलंब करावी, म्हणजे भलेपणाची किंमत छोट्या दुकानदाराला मोजावी लागणार नाही.

रायपुरात दीर्घकाळ राहिलेले माधवराव सप्रे मराठी मातृभाषेचे, पण हिंदीचे मोठे संपादक. १९०१ मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’मध्ये ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा प्रसिद्ध केली. एका विधवेची झोपडी जमीनदार वकिलांच्या बळावर कोर्टातून हिसकावतो, आणि टोपलीभर मातीच्या प्रसंगाने त्याचे मन पालटल्यावर ती परत करतो. मी ती शाळेत वाचली तेव्हा जमीनदाराच्या हृदयपरिवर्तनाने भारावलो होतो. आता वाटते, त्याचे मन पालटले नसते तर? माझ्या दुकानदाराचे मन त्या दिवशी माझ्यासाठी मोठे झाले. शेजारी उभ्या असलेल्या बाईसाठी ते झाले नाही, आणि तिला कुणाच्या मनाची वाट पाहावी लागू नये याचसाठी तर कायदा केला होता.

मी अजूनही त्याच दुकानात जातो. वीस वर्षांची ओळख एका फोनपायी तोडावी असे मला वाटत नाही. बाईने मात्र तिच्या बिलाची आणि दोन्ही जॉबशीटची प्रत शिधापत्रिकेच्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे. परवा कंकाली तलावाकडचे एक गृहस्थ तिच्याकडे सदरा अल्टर करायला आले होते, हातात बिघडलेला नवा मिक्सर. मी ओट्यावर बसलो होतो. शिलाई मशीन न थांबवता तिने त्यांना विचारले, ‘पहिल्या दिवशी गेलात तेव्हा काय बिघडले ते कागदावर लिहून घेतलेत का?’ त्यांनी नकारार्थी मान हलवली. तिने मशीन थांबवले आणि त्यांना बसायला स्टूल दिले.